नवव्या ओळीची खूण

सामान हलवण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा चालवून बघायची आणि तिच्यावर 'चालू' किंवा 'बंद' अशी चिठ्ठी डकवायची, ही ताईची सत्तावीस वर्षांची सवय. भौतिकशास्त्र विभागातली ती सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. विभागप्रमुखापासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे तिला ताई म्हणत. ज्यांच्या प्रयोगावर ती काम करायची ते सर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत.

त्या दिवशी ती टेकडीवरच्या पंपघरात एकटीच आली होती. पंपघराच्या मागची एक खोली पाणीपुरवठा खात्याने चार वर्षांपूर्वी विभागाला वापरायला दिली होती आणि येत्या पंधरा तारखेला ती परत हवी होती. प्रयोग संपला होता. शोधनिबंध पाठवून तीन आठवडे झाले होते. तीन परीक्षकांपैकी दोघांचे अभिप्राय आले होते आणि दोन्ही चांगले होते. आता राहिली होती ती आवराआवर, आणि आवराआवर म्हटली की ती ताईच्याच गळ्यात.

लेझरचे भाग भरून झाले, डिटेक्टर स्पंजात गुंडाळून झाले, आणि शेवटी निवडपेटीची पाळी आली. चपलांच्या खोक्याएवढी करडी पेटी. तिच्या कुशीला काडेपेटीएवढी एक डबी जोडलेली. त्या डबीत विजेचा नुसता गोंगाट चालायचा, आणि त्या गोंगाटावरून पेटी क्षणोक्षणी ठरवायची: डावं की उजवं. सेकंदाला एक लाख वेळा. पुढची निवड काय असेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये, एवढंच तिचं काम. तपासणीसाठी पेटीवर एक बटण होतं. एकदा दाबलं की एक निवड. डावं आलं तर लाल दिवा, उजवं आलं तर हिरवा.

ताईने डबी आधीच काढून कागदात गुंडाळली होती. पेटी बंद करण्यापूर्वी तिचं बोट सवयीने बटणावर गेलं. डबी नाही म्हणजे गोंगाट नाही, गोंगाट नाही म्हणजे निवड नाही, म्हणजे दिवा लागायला नको.

हिरवा लागला.

तिने पुन्हा दाबलं. लाल. पुन्हा लाल. हिरवा. तिला वाटलं, आत थोडी वीज शिल्लक असेल. पण वीस-पंचवीसदा दाबूनही दिवे लागतच राहिले, तशी ती स्टुलावर बसली. डबी परत जोडली, मिनिटभर थांबली, पुन्हा काढली आणि या वेळी खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने रेघा ओढत मोजायला लागली. पाचशे बाराव्या दाबाला लाल दिवा लागला. पाचशे तेराव्याला काहीच नाही. मग तिने सगळं पुन्हा एकदा केलं. पुन्हा पाचशे बारा.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. तिला कळलं, की पेटी ताजी निवड देत नव्हती. ती आधीच पाचशे बारा निवडी करून पोटात साठवायची आणि मागणी येईल तसा त्या साठ्यातून एकेक काढून द्यायची.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असंच वाटलं असतं. वर्षभरापूर्वी पंपवाल्या काकांनाही प्रयोगाबद्दल असंच वाटलं होतं. पंप चालवणारे हे काका म्हणजे फटकळ माणूस. एकदा चहाचा कप हातात घेऊन ते दारात उभे राहिले आणि सरांना म्हणाले, "साहेब, तीन वर्षं तुम्ही इथे येऊन करता तरी काय, ते एकदा कळू द्या."

सर शिकवायला लागले की दमणूक विसरत. म्हणाले, "असं समजा काका, एकाच शिकवणीतून दोन विद्यार्थी निघाले. एकाला परीक्षेला बसवलं तुमच्या या खोलीत, दुसऱ्याला आमच्या विभागाच्या तळघरात. मध्ये चार किलोमीटर. प्रत्येकाला एकच प्रश्न. दोन प्रश्नांपैकी कुठला विचारायचा, ते ऐनवेळी ठरणार. उत्तर फक्त हो किंवा नाही. अशा लाखो जोड्या बसवायच्या आणि मग दोघांचे कागद शेजारी ठेवून उत्तरांचा मेळ कसा बसतो ते बघायचं."

"मेळ बसला म्हणजे कॉपी."

"कॉपी करता येत नाही. याचा प्रश्न त्याला कळवायला प्रकाशाच्या वेगाने निरोप धाडला, तरी तो पोचायच्या आत त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं."

"मग शिकवणीतूनच ठरवून आले असतील."

"शाब्बास. आमच्यातल्या मोठमोठ्या लोकांनाही हेच वाटायचं. पण ठरवून आलेल्यांचा मेळ किती बसू शकतो, याला एक मर्यादा आहे. गणित मांडलं की आकडा येतो दोन. किती का हुशारीने ठरवून येईनात, दोनच्या वर जाता येत नाही."

"आणि हे तुमचे प्रकाशाचे कण?"

"दोन पूर्णांक चार."

काकांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे कॉपीही नाही आणि संगनमतही नाही."

"नाही."

"मग आहे काय?"

"तेच तर," सर म्हणाले. "तीस वर्षं झाली. गणित तोंडपाठ आहे, पण ते तसं का, हे विचारलंत तर मी तुमच्याच बाकावर."

"निरोप तरी धाडता येईल का यातून? वरच्या टाकीपाशी फोन लागत नाही."

सर हसले होते. "नाही हो. एकेकटा कागद बघितला तर नुसता हो-नाहीचा गोंधळ दिसतो. काय उत्तर यावं हे आपल्या हातात नसतंच. दोन्ही कागद शेजारी आले की मगच मेळ कळतो."

तेव्हा सगळी मदार होती ती प्रश्न ऐनवेळी ठरण्यावर. प्रकाशाला ते चार किलोमीटर कापायला सेकंदाचे तेरा दशलक्षांश लागतात, आणि प्रश्न त्याच्याही आत ठरायला हवा. निबंधाच्या पहिल्याच पानावर तसा दावा होता. डावं म्हणजे एक प्रश्न, उजवं म्हणजे दुसरा; या पेटीतले प्रश्न मात्र सेकंदाचे पाच सहस्रांश आधीच ठरलेले होते. तेवढ्या वेळात प्रकाश ते अंतर पावणेचारशे वेळा कापेल. पेपर फुटला होता असं कोणी म्हणणार नाही, पण पेपर फुटूच शकत नव्हता असंही आता कोणाला म्हणता येणार नव्हतं.

आणि खरं दुखणं पुढेच होतं. जुनी पेटी गेल्या मार्चमध्ये जळली, तेव्हा ही नवी पेटी ताईनेच बसवली होती. पेटी बनवणारे ती मुख्यतः बँकांसाठी बनवत. दोन शाखांमध्ये अशाच गुंतलेल्या कणांवरून संदेश कुलूपबंद करायच्या गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या यंत्रांत ती बसायची. तिथे साठा असला तर सोयीचंच. बनवणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं, माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलंही असेल. म्हणूनच तर नवं यंत्र बसवताना भरायचा अकरा ओळींचा तपासणी-कागद होता. तो कागद ताईनेच पूर्वी कधीतरी तयार केला होता. नववी ओळ अशी होती: 'डबी काढून बटण दाबा. दिवा लागता कामा नये.'

त्या आठवड्यात अण्णा, म्हणजे ताईचे वडील, न्यूमोनियाने रुग्णालयात होते. नऊ दिवस ती तिथल्या लोखंडी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. पेटी बसवून आठ ओळी तपासून झाल्या आणि वॉर्डातून फोन आला की लवकर या. तिने उरलेल्या तिन्ही ओळींवर बरोबरची खूण केली आणि बस पकडली. दहावी आणि अकरावी तिने नंतर आठवणीने करून घेतली. नववी राहिली ती राहिलीच.

ताईने त्या दिवशी पेटीवर कुठलीच चिठ्ठी डकवली नाही.

घरी आली तेव्हा अण्णा खिडकीशी बसून कालचंच वर्तमानपत्र भिंग लावून वाचत होते. अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते ते. आता ऐकू कमी यायचं, जेवण घशाखाली उतरायला वेळ लागायचा, पण छापलेल्या ओळीतली चूक अजून नजरेतून सुटत नव्हती. ताईने त्यांना भात मऊ करून दिला, औषध दिलं आणि समोर बसून राहिली.

"चेहरा का असा?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. एक चूक सापडली. छापायला जाऊन झाल्यावर."

"त्यानंतरच सापडते. आधी का दिसत नाही, यावर मी अडतीस वर्षं विचार केला." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कोणाची?"

"माझीच."

"वाचकाला कळेल अशी?"

"नाही. कोणालाच कळणार नाही."

अण्णा बराच वेळ घास चघळत राहिले. ते विषय विसरले असं वाटेपर्यंत. मग म्हणाले, "मग तर शुद्धिपत्र लावायलाच हवं. कळण्यासारखी चूक वाचक आपल्या आपण सुधारून घेतो. न कळणारी बिचारा तशीच घेऊन जातो."

हे ऐकून ताई तडक उठली आणि सरांना फोन केला, असं काही झालं नाही. ती झोपली. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिने एक गळका पंप दुरुस्त केला, तिसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांची भिंगं पुसून ठेवली. सर दोनदा समोरून गेले. खोल्या रिकाम्या करण्याच्या यादीवर सही मागितली, तिने दिली. तोंड उघडायचीही ताकद नाही, असे ते दोन दिवस होते.

चौथ्या दिवशी तिने आधी डॉक्टरिणीला गाठलं. डॉक्टरीण म्हणजे सरांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. सात वर्षं पीएच.डी. करत होती, म्हणून सगळ्यांनी पदवीच्या आधीच पदवी देऊन टाकली होती. तिचा नवरा दुसऱ्या शहरात. लग्नाला पाच वर्षं झालेली, त्यातले एकत्र काढलेले दिवस जेमतेम दीड वर्षाचे. प्रबंधाची शेवटची प्रत तिच्या मांडीवर होती. ताईने गच्चीच्या जिन्यात तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, नवव्या ओळीसकट.

डॉक्टरिणीने प्रबंध मिटला. मग म्हणाली, "आकडा चुकलेला नाही ना?"

"नाही."

"डिटेक्टर ठीक?"

"ठणठणीत."

"मग निसर्गाला काय फरक पडतो, ताई? पेटीच्या पोटात साठा आहे म्हणून ते कण संधी साधून कॉपी करणार आहेत का?"

"नाही करणार. बहुतेक."

"बहुतेक!" डॉक्टरीण एकदम ओरडली. जिन्यात आवाज घुमला. "तुम्ही ती पेटी गुपचूप भरून ठेवली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? मला सांगायची काय गरज होती? मार्चमध्ये दोन मिनिटं नव्हती तुमच्याकडे?"

"नव्हती," ताई म्हणाली. तेवढंच.

डॉक्टरिणीने प्रबंध बाजूला आपटला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. खाली कोणाचातरी तास सुटला, मुलं कलकलाट करत गेली, पुन्हा शांत झालं. मग ती गुडघ्यांतूनच बोलली, "त्या एका 'बहुतेक'साठी सात वर्षं गेली माझी. तो काढून टाकायचा होता आपल्याला. बाकी आकडा काय, तो तर सगळ्यांना आधीपासून माहीत होता." उठून तिने नळावर तोंड धुतलं, ओढणीने पुसलं. "चला सरांकडे. एकट्या जाऊ नका."

सरांची निवृत्ती सात आठवड्यांवर आली होती. खोलीत पुस्तकांची खोकी रचलेली, भिंतीवर उतरवलेल्या फळ्याच्या जागी पांढरा चौकोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती?"

"पाचशे बारा. दोनदा मोजले."

सर उठले, खोक्यातून एक फाइल उपसली आणि तो तपासणी-कागद काढून टेबलावर ठेवला. अकरा खुणा, खाली ताईची सही, त्याखाली त्यांची. "ही माझी सही," ते म्हणाले. "मी काय अकरा ओळी वाचून केली असेल? उभ्या उभ्या केली, जेवायला जाताना. तुमच्याकडे निदान कारण तरी होतं, ताई."

"सर, तसं नका म्हणू."

"नाही म्हणत." ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच ताईला म्हातारे वाटले. निबंध मागे घेत असल्याचं पत्र दोनच ओळींचं होतं. ते लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

मग प्रश्न उरला, पुन्हा करायचं का? सरांना वाटत होतं, राहू द्यावं. डॉक्टरीण बघू म्हणाली. ताईने कोणालाच विचारलं नाही. तिने पेटी उघडली, साठा करणारा भाग कुठला ते शोधून काढलं आणि त्याला वळसा घालून गोंगाट थेट बाहेर काढणारं एक छोटंसं सर्किट तयार केलं. तीन दिवस गेले त्यात. चौथ्या दिवशी तिघांनी मिळून नववी ओळ तपासली. डबी काढली. ताईने बटण दाबलं, मग डॉक्टरिणीने, मग सरांनी. दिवा लागला नाही.

पंपवाले काका मात्र हटून बसले. "पंधरा म्हणजे पंधरा. सोळाला माझं नवं यंत्र येतंय."

"आम्ही चौदाला निघतो," ताई म्हणाली. "पंप बंद असतील तेवढेच तास द्या. हादरे बसले की प्रकाश आणणारं फायबर थरथरतं, आकडे वाया जातात."

"अकरा ते चार. पण एक मिनिट वर नाही. लोक नळ उघडून बसलेले असतात."

म्हणजे हातात राहिले आठ दिवस, रोजचे पाच तास. मागच्या वेळी सहा महिने मिळाले होते. तिघं तीन ठिकाणी बसायची: ताई पंपघरात, सर तळघरात आणि डॉक्टरीण मध्यावर, जुन्या ग्रंथालयाच्या अडगळीत, जिथे कणांच्या जोड्या तयार होत. अकराच्या ठोक्याला पंपांची घरघर थांबायची आणि कानाला ते थांबणं आधी बोचायचं. मग ताई फायबरचे स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत सूर जुळवायची. त्यातच अर्धा तास जायचा. दुसऱ्या दिवशी एक डिटेक्टर रुसला. तिसरा दिवस पूर्ण वाया गेला, कारण खालच्या रस्त्यावर कोणीतरी खोदकाम काढलं होतं. काका रोज चारला पाच कमी असताना दारात येऊन घड्याळ बघत उभे राहायचे.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरिणीचा फोन आला. सरही त्याच फोनवर होते. दूरच्या एका गटाचा निबंध त्या सकाळी जाहीर झाला होता. तोच प्रयोग, अंतर दुप्पट, आकडा दोन पूर्णांक चार. आपला निबंध मागे घेतला नसता तर आपण पहिले असतो, हे तिघांपैकी कोणी बोललं नाही.

"सर," डॉक्टरीण शेवटी म्हणाली, "थांबायचं का?"

सर म्हणाले, "ताई, पंप किती वाजता सुरू होणार?"

"चारला."

"म्हणजे अजून अडीच तास आहेत. ते तरी वापरू."

चौदा तारखेला, चारला दहा कमी असताना, त्यांनी शेवटची फाइल बंद केली. हिशेब डॉक्टरिणीने केला. दोन पूर्णांक चौतीस. संभाव्य चूक धरली तरी दोनच्या वरच, पण आधीच्यासारखा खणखणीत आकडा नव्हे. सहा महिन्यांचं काम पस्तीस तासांत उरकलं तर असंच व्हायचं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर फोनवर "बरं" म्हणाले आणि जरा वेळाने पुन्हा "बरं" म्हणाले.

ताईने फायबर रिळावर गुंडाळायला घेतलं. काकांनी रीळ धरलं. दोघांनी मिळून खोली रिकामी केली, शेवटचं खोकं गाडीत चढवलं. काकांनी विचारलं, "मग, कॉपी केली होती का त्यांनी?"

"नाही केली."

"पहिल्या वेळीही नव्हती केली?"

"नसेल केली."

"मग एवढा उपद्व्याप?"

ताईला खूप काही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "काका, वरची टाकी भरली असणारच असं वाटत असलं, तरी तुम्ही रोज चढून बघताच ना?" काका हसले नाहीत. "गुडघे दुखतात," म्हणाले, "पण बघतो खरा."

निबंध एका लहान नियतकालिकात छापून आला. तोवर आणखी एका गटाचा आलेला, म्हणजे त्या प्रकारचा तो तिसरा. लेखकांत सरांनी ताईचं नाव घातलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ताईने अट घातली, की मग खुणेचंही लिहायचं.

"तपासणी न करताच 'झाली' अशी नोंद केली होती, असं निबंधात कोणी लिहीत नाही, ताई."

"आपण लिहू."

लिहिलं. डॉक्टरिणीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा तास त्याच पानावर घालवला. बाई घामाघूम होऊन बाहेर आली ती खरीखुरी डॉक्टरीण होऊन. महिन्याभरात ती नवऱ्याच्या शहरात गेली आणि त्याच गुप्त किल्ल्यांची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत लागली. सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, पंपघरातल्या काकांचेही, आणि मध्येच काय बोलायचं ते विसरून खाली बसले.

मग ताईने पंधरा दिवसांची रजा टाकली. अर्जावर कारणाच्या रकान्यात तिने आधी 'वडिलांची प्रकृती' लिहिलं, मग ते खोडून 'थकवा' असं लिहिलं. लिपिकाने वर बघितलं, पण अर्ज घेतला.

रजेच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरिणीचा फोन आला. "ताई, इथल्या पेटीत चार हजार शहाण्णव आहेत. मी मोजले. सगळे मला वेडी म्हणतात. इथे चालतं म्हणे."

"चालत असेल. किल्लीला ताजेपणा नको, गुपित राहिलं की झालं. ते राहतंय ना, तेवढं बघ."

"बघते. तुम्ही काय करताय?"

"झोपले होते."

"दुपारी तीनला? तुम्ही?"

"हो," ताई म्हणाली. पलीकडच्या पलंगावर अण्णांचा श्वास संथ, घरघर न करता चालला होता, भिंग छातीवर तसंच. तिने आवाज खाली आणला. "आणि आता पुन्हा झोपणार आहे. उद्या कर फोन."

तिने कूस बदलली. खरंच झोप लागली.